भैरोबाच्या वहीत नसलेली नावं

प्रति,
यात्रा कमिटी, भैरोबा देवस्थान,
आणि कमिटीच्या पाठीशी असलेलं आपलं सगळं गाव,
मोरणाकाठ, ता. शिराळा, जि. सांगली.

मंडळींना सप्रेम नमस्कार.

अकरा दिवसांपूर्वी वर्गणीला पोरं आली होती. पावतीपुस्तकाच्या मागं यंदाच्या यात्रेचा बेत छापलाय. पालखी, कुस्त्यांचं मैदान, महाप्रसाद, आणि सगळ्यात शेवटी एक नवी ओळ: ‘सर्पदंश झालेल्या भक्तांसाठी देवळाशेजारी कट्टा व पत्र्याचं शेड, तसेच श्रींच्या प्रचितीचा बोर्ड.’ बोर्डावर काय लिहिणार, हेही मी पोरांना विचारलं. एकानं पाठ असल्यासारखं सांगितलं, ‘इथे साप चावलेल्यास गुण येतो. सात पिढ्यांचा अनुभव.’ मी पैसे आणायला आत गेले आणि तशीच बाहेर आले. म्हटलं, थोडं थांबा, देते.

यात्रेची वर्गणी मी आजवर कधी चुकवलेली नाही, हे खजिनदारांना माहीत आहे. यंदा पाकीट घरात का अडकलं, ते सांगायला हे पत्र. तोंडी सांगितलं असतं, पण बैठकीत एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलतो आणि मुद्दा पायाखाली जातो. शिवाय ही गोष्ट आपल्या एकट्या गावाची नाही. वारणा-मोरणेच्या खोऱ्यात अशी देवळं किती तरी गावांत आहेत, म्हणून पत्र उघडंच लिहिते.

कमिटीतल्या चौघांना मी शाळेत विज्ञान शिकवलंय. या गावात सून म्हणून आले, शाळेत बाई म्हणून उभी राहिले आणि इथंच निवृत्त झाले. पण आज जे सांगायचंय ते माझ्या माहेरचं आहे. ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.

माझं माहेर कऱ्हाडजवळ. १९६८ चा श्रावण. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सात वर्षांचा. आम्ही सगळी भावंडं सोप्यात जमिनीवर गोधडी टाकून झोपायचो. पहाटे तो उठला आणि म्हणाला, ‘आये, पोटात दुखतंय.’ आईनं ओवा दिला. थोड्या वेळानं म्हणाला, डोळं उघडंना. कुठं दात लागल्याची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. तरी आजीला शंका आली, कारण आदल्या दिवशी गोठ्यात काही तरी वळवळताना दिसलं होतं. आईनं त्याला खांद्यावर घेतलं आणि देवळात धावली. मी तिचा पदर धरून मागं.

देवळात त्याला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. तुम्हाला हे माहीतच आहे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलंय. त्यानं पाला चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ‘कडू हाय.’ देवळातल्या सगळ्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. आईनं देवाला हात जोडले. कुणी तरी चहा आणला. दिवस कासराभर वर आला तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला, मग मान टाकली, मग छाती हलेना. दुपारच्या आत तो गेला.

तो मण्यार होता, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर, एका प्रशिक्षणात कळलं. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश कित्येकदा इतका बारीक असतो की झोपही मोडत नाही. पहाटे पोट दुखतं. मग पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळवत नाही. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचायचा थांबतो, आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंनाही निरोप मिळत नाही. मेंदू मात्र जागा असू शकतो. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला ऐकू येत असतं. बाहेरून श्वास देत राहिलं तर असा माणूस काही दिवसांनी उठून बसतो. त्या वर्गात हे ऐकताना मी वही मिटली होती. त्या सकाळी माझ्या भावाला काय काय ऐकू आलं असेल, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

इथं एक गोष्ट सरळ सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल बाईंनी देवळावर डूख धरलाय. त्या वेळी भावाला कऱ्हाडला नेलं असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. गाडी बैलांची, ओढ्याला पाणी, आणि श्वास देणारं यंत्र किती ठिकाणी असेल देव जाणे. माझ्या आईनं तिला ठाऊक असलेलं सगळं केलं. ती चुकली नाही. तिनं देवालाही दोष दिला नाही. मरेपर्यंत त्याच देवळात दर रविवारी ती तेल घेऊन जायची. मी तिला एकदा विचारलं, तुला राग येत नाही का गं? म्हणाली, ‘मी कुणाकडं जाऊ मग?’ या प्रश्नाला विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर नाही. म्हणून ज्यांचं दुःख देवापाशी हलकं होतं, त्यांना मी कधी हसले नाही आणि कुणाला हसू दिलं नाही. मी स्वतःही भैरोबाला जाते. गाभाऱ्यात तेलाचा वास येतो आणि मला आई आठवते. तिथं कुणी ऐकणारा आहे की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आहे असंही नाही, नाही असंही नाही. पण तिथं उभं राहिल्यावर मी खोटं बोलू नये, एवढं मला कळतं.

आणि बोर्डावरचं वाक्य खरं नाही.

मागच्या आषाढात रोप लावणीला गेलेल्या आपल्या गावच्या एका बाईला बांधावर घोणस चावली. तिला गाडीवर घालून आधी देवळात आणलं. दीड तास ती कट्ट्यावर बसून होती. अंगारा लावला, पाला चारला, तो कडू लागला. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर मग गाडी शिराळ्याकडं निघाली, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. ती वाचली. डायलिसिस करावं लागलं, म्हसरं विकावी लागली, पण वाचली. आणि पाडव्याच्या बैठकीत आपण जाहीर केलं की भैरोबानं वाचवलं. त्या बाईच्या जवळ बसून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, देवळात बसल्यावर भ्या गेलं बघा माझं.’ हे तिचं म्हणणं मी मोलाचं मानते. साप चावलेलं माणूस भीतीनं अर्धं होतं, धावपळ करतं. त्याला शांत ठेवावं, हात-पाय हलू देऊ नये, असं डॉक्टरही सांगतात. देवळानं तिला धीर दिला. पण त्याच दीड तासात घोणशीचं विष तिच्या रक्तात आणि मूत्रपिंडात आपलं काम करत होतं, आणि ते धीरानं थांबत नाही.

कडुलिंबाच्या पाल्याबद्दल थोडं लांबण लावते, कारण माझा सगळा मुद्दा तिथं आहे. पाला चावायला देणाऱ्या आपल्या वाडवडिलांना मी अडाणी म्हणणार नाही. तीही एक चाचणीच होती. विष अंगात आहे का, हे कळायचा मार्ग ते शोधत होते. दवाखान्यातही घोणशीच्या विषासाठी तसलीच साधी चाचणी करतात. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी आडवी करून बघायची. रक्त गोठलं असेल तर बरं, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे. हिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मग पाला आणि नळी यांत फरक काय? नळीची चाचणी किती वेळा चुकते, ते कुणी तरी लिहून ठेवलं, चुकली तिथं कबूल केलं, पुन्हा पुन्हा करून बघितली. पाल्याची चाचणी चुकली तेव्हा माणसाला पोचवून आलो आणि म्हणालो, आयुष्यच तेवढं होतं. माझ्या भावाला पाला कडू लागला, ही गोष्ट कुणीही कुठंही लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच देवळात दुसऱ्याला तोच पाला दिला गेला असेल.

आता आपल्या देवळातल्या वह्या. तुम्ही ज्यांना सात पिढ्यांचा पुरावा म्हणता, त्या दोन्ही वह्या मी गुरवमामांच्या परवानगीनं ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचल्या. नाव, गाव, तिथी, कुठं चावला, आणि शेवटी प्रत्येकापुढं ‘गुण आला’. एकही ओळ वेगळी नाही. वाचताना माझ्या लक्षात आलं की बरा झालेला माणूस नारळ घेऊन येतो, पेढे आणतो, तेव्हा गुरवमामा त्याचं नाव लिहितात. जो गेला त्याच्या घरचं कोण येणार नारळ घेऊन? त्यांच्या दारात सुतक. त्या घरातली माणसं कित्येकदा पुढं वर्षभर देवळाकडं फिरकत नाहीत. म्हणजे वही खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. मी या गावात आल्यापासून सापानं दोन माणसं गेलेली मला स्वतःला ठाऊक आहेत. त्यातली एक माझ्या वर्गातली सातवीची मुलगी. दोघांनाही आधी देवळात आणलं होतं. दोघांचीही नावं वहीत नाहीत.

बरे झालेले मग कसे बरे झाले? त्यांना चावलेले बहुतेक साप बिनविषारी होते. आपल्या रानात धामण, दिवड, तस्कर, गवत्या, कवड्या हेच जास्त. कवड्या तर अंधारात हुबेहूब मण्यारसारखा दिसतो, त्याला बघूनच माणसाला घाम फुटतो, पण त्याच्यात विष नाही. माणसाचा जीव घेणारे आपल्याकडं मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आणि हे चारही प्रत्येक वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे देवळात आलेल्यांपैकी बरीच माणसं घरी पडून राहिली असती तरी वाचली असती. ज्या थोड्यांना खरी गरज होती, त्यांचा तेवढा वेळ आपण घेतला. आणि चावल्यावर पहिल्या तासात कोण कुठल्या गटातला, हे गुरवमामांना कळत नाही, मला कळत नाही, डॉक्टरलाही नुसतं बघून कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच दवाखान्यात न्यायचं.

२०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा त्याचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, पावसाळ्याच्या दिवसांतली. आपल्यासारखी.

गुरवमामांबद्दल एक शब्द. ते कुणाकडून रुपया घेत नाहीत. रात्री दोनला हाक मारली तरी उठतात, थंड पाण्यानं अंघोळ करून ओल्या धोतरानं देवापुढं बसतात. त्यांच्याइतका निर्मळ माणूस मी गावात पाहिला नाही. फसवणारा माणूस असता तर पत्र लिहायची गरज नव्हती, पोलिसांत अर्ज दिला असता. इथं कुणी कुणाला फसवत नाही. सगळे चांगल्या मनाची माणसं, आणि तरी चावलेल्याचा वेळ जातो. मला झोप लागत नाही ती यामुळं.

ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा कमिटीतल्या एकानं मला उभं राहून विचारलं होतं, ‘बाई, म्हैसाळला पोटातल्या पोरी मारणारा देवऋषी होता का? शिकलेलाच होता ना? तुमच्या विज्ञानापेक्षा आमचा गुरव बरा.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. प्रश्न रास्त होता म्हणून सुचलं नाही. घरी येऊन बरेच दिवस मी त्यावर विचार केला.

म्हैसाळ आपल्याच जिल्ह्यातलं, मिरज तालुक्यातलं. २०१७ च्या सुरुवातीला तिथं एका तरुण विवाहितेचा गर्भपातात जीव गेला, चौकशी लागली आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. सोनोग्राफी कशी चालते हे मी फळ्यावर शिकवायचे. आवाजाच्या लहरी आत जातात, आपटून परत येतात, त्यांचं चित्र होतं. वटवाघूळ अंधारात वाट काढतं तसंच. पोटातल्या बाळाचं हृदय नीट आहे का, हे बघायला केलेलं ते यंत्र. त्याच यंत्रानं मुलगी हुडकून काढायचं काम आपल्या भागात वर्षानुवर्षं झालं आहे. १९९४ चा कायदा असतानाही झालं. तेव्हा विज्ञान शिकलेला माणूस आपोआप सज्जन होतो, असं मी म्हणणार नाही. मी अडतीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गात पहिल्या आलेल्या पोरानं पुढं हुंडा मोजून घेतला.

पण त्या दवाखान्याच्या पायरीवर माणसं कशासाठी जात होती, तेही बघा. वंशाला दिवा पाहिजे, मेल्यावर पाणी कुणी द्यायचं, ही श्रद्धाच होती. आणि ती पुरी करायला यंत्र होतं. तिथं श्रद्धा आणि विज्ञान एकमेकांच्या हातात हात घालून गेले, आणि ज्या पोरीचा जीव जाणार होता तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला माझं आज उत्तर असं आहे: गुरव बरा की डॉक्टर बरा, हा प्रश्न मी विचारतच नाही. जिच्या जिवावर बेतलंय तिच्या बाजूनं बोलणारं गावात कोण आहे, एवढंच विचारते. पोटातल्या पोरीसाठी विचारते, कट्ट्यावर बसवलेल्या बाईसाठीही विचारते. माझी श्रद्धा माझ्या घरात, माझ्या देहापुरती आहे तोवर तिचा हिशोब कुणी मागू नये. ती दुसऱ्याच्या देहावर चालायला लागली की हिशोब द्यावा लागतो. डॉक्टरलाही, देवळालाही.

आपल्या राज्यघटनेत हे फार थोडक्यात लिहिलंय. २५ व्या कलमानं धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलं, आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घातली. पुढं १९७६ च्या घटनादुरुस्तीत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यात वैज्ञानिक दृष्टी, मानवता आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणं हेही आहे. मानवता हा शब्द विज्ञानाच्या शेजारीच ठेवलाय. मुलांकडून पाठ करून घेताना मी तो घाईत म्हणायचे. आता तिथं थांबावंसं वाटतं.

आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा धर्म बुडवायला आलाय, असं आपल्याकडं सांगितलं गेलं. त्याच कायद्यात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. आपली पालखी, आपली यात्रा यांना त्याचा धक्का नाही. तुमचा बोर्ड मात्र त्या कलमाच्या फार जवळ जातो. हे भीती घालायला लिहीत नाही. कमिटीत पंचविशीतली पोरं आहेत, त्यांच्यावर गुन्हा दाखल झालेला मला बघवणार नाही.

प्रथा बदलली की देव कोपतो, असं कुणी म्हणेल. लहानपणी नागपंचमीला मामांबरोबर मी शिराळ्याला आले होते. जिवंत नागांची मिरवणूक, गाडग्यांतून काढलेले नाग, दारोदारच्या बायका त्यांना ओवाळतायत. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पूजायला दिला, ही कथा मामांनी रस्त्यात सांगितली. ते दृश्य मी विसरणार नाही, आणि ते बंद झालं तेव्हा शिराळकरांना काय वाटलं असेल तेही समजते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो तिथं कडक लागू झाला आणि मातीच्या, चित्रातल्या नागाची पूजा सुरू झाली. आणि हेही खरं की नागाला देव मानणाऱ्या शिराळ्याच्या माणसानं नाग मारला नाही. शेतातले उंदीर खाणारा हा प्राणी वाचवा, असं शास्त्रज्ञ सांगायच्या कितीतरी आधी श्रद्धेनं तो वाचवला. तिथं मी श्रद्धेला हात जोडते.

मांढरदेवीचंही तसंच. २५ जानेवारी २००५ ला काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, आग लागली, सुमारे तीनशे माणसं गेली. त्यानंतर नारळ, वाद्यं, पशुहत्या यांवर बंधनं आली, वाटा मोकळ्या झाल्या. यात्रा आजही भरते.

सापाचं इंजेक्शन परक्या कुणाचं म्हणून त्याच्याकडं बघू नका. सापाचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषाला उतरवणारी द्रव्यं तयार होतात, ती काढून शुद्ध करून बाटलीत भरतात. आपल्याकडच्या बाटलीत त्या चारही सापांवरचा उतारा एकत्र असतो. आणि त्यासाठी लागणारं विष बहुतांशी कुठून येतं? तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारी ती माणसं साप पकडतात, विष काढून घेतात आणि त्यांना रानात सोडून देतात. शिराळ्याच्या नाग धरणाऱ्या हातांसारखेच ते हात. आपल्या गरिबांचं ज्ञान, एक मुकं जनावर आणि प्रयोगशाळा, एवढ्यांची पुण्याई त्या बाटलीत आहे. मला तरी ती प्रसादाहून कमी वाटत नाही.

आता मागणं. कट्टा बांधू नका. तो पैसा गावात एक गाडी चोवीस तास तयार ठेवायला, तिच्या डिझेलला आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या ड्रायव्हरला द्या. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण रात्री पावसात ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आपली हवी. बोर्ड जरूर लावा, देवळाच्या दर्शनी भिंतीवरच लावा. त्यावर लिहा: साप चावला तर बांधू नका, चिरू नका, चोखू नका, चालवू नका, आधी दवाखाना. खाली गाडीवाल्याचा फोन नंबर. शाळेच्या भिंतीवर हेच मी वीस वर्षं लिहिलं, पण शाळेची भिंत पोरं वाचतात. देवळाची भिंत गाव वाचतं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही, मोबाईल बंद करून पोरांना अभ्यासाला बसवतं. शाळेच्या घंटेनं ते झालं नसतं. देवळाचा शब्द चालतो, म्हणून तर हे पत्र मी आरोग्य खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते.

गुरवमामांशी मी बोलले आहे. अंगारा गाडीतच लावता येईल का, असं मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘लावंन की. शिराळ्यापतोर बसतो मी पोराजवळ. नाव घ्यायला काय, कुठंबी घेता येतंय.’ त्यांना गाडीत बसवा. चावलेल्याचा हात त्यांनी धरला तर त्याला धीर येईल, आणि गाडी थांबणार नाही.

आणि वही. जुन्या दोन्ही वह्या देवापुढंच राहू द्यात, त्यांना मी हात लावू म्हणत नाही. तिसरी मात्र नवी घाला. चावल्याची वेळ, घरून निघाल्याची वेळ, दवाखान्यात पोचल्याची वेळ, साप कळला असल्यास कोणता, आणि पुढं काय झालं, असे रकाने. बरा झाला तो लिहायचा, आणि गेला तोही लिहायचा. रकाने मी आखून ठेवलेत. आपल्या गावात सापानं गेलेल्या त्या दोघांच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. मुलीच्या आईनं आधी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याकडं आली, पदराच्या गाठीतून शाळेचा जुना दाखला काढला, आणि म्हणाली, नाव ह्यातलं लिहा, जन्मतारीख बी हाय. दुसऱ्या घरच्यांनीही हो म्हटलंय.

रविवारच्या बैठकीला वही आणि वर्गणीचं पाकीट दोन्ही घेऊन येते. पहिल्या दोन ओळी तेवढ्या भरलेल्या असतील.

आपली,
शाळेतल्या विज्ञानाच्या बाई